सोबत्याचा रकाना

गुरुवारी दुपारी पोस्टमननं तपकिरी पाकीट आणून दिलं, तेव्हा मी खिडकीशी बसून चष्मा पुसत होतो. पाकिटावरचा पत्ता नेहमीचाच: चिटणीस, सुवार्ता मंडळ, आणि खाली माझ्या घराचा नंबर. मध्यवर्ती कचेरीकडून अशी पाकिटं मला बावीस वर्षं येताहेत. पातळ पाकीट म्हणजे होकार, जाड पाकीट म्हणजे नकार. उघडायच्या आधी हातालाच कळतं. होकाराला एक कागद पुरतो. नकाराबरोबर उमेदवाराची सगळी कागदपत्रं परत येतात.

हे पाकीट जाड होतं, आणि या वेळचा उमेदवार मी स्वतः होतो.

आमच्या चर्चच्या मंडळीत दोनशेच्या आसपास माणसं आहेत. मी चिटणीस झालो तेव्हा त्यांतलं एकही मिशनकार्याला गेलेलं नव्हतं. मिशनरी म्हणजे दुसरं कुणीतरी, खणखणीत आवाजाचं, चर्चच्या भिंतीवरच्या फोटोतलं, असा सगळ्यांचा समज होता. माझाही तोच होता. मला चिटणीस केलं ते माझं अक्षर चांगलं म्हणून, आणि त्या बैठकीत नाही म्हणायला मला जरा उशीर झाला म्हणून.

मी छापखान्यात एकोणचाळीस वर्षं मुद्रितं तपासली. चार माणसांसमोर उभं राहिलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. व्यासपीठावरून आवाहन करणं मला जमणार नव्हतं. म्हणून मी बुटांचा एक रिकामा खोका घेतला, छापखान्यात उरलेल्या जाड कागदाची कार्डं कापली, आणि उपासनेनंतर एकेकाला दाराशी गाठून एकच प्रश्न विचारायला लागलो: तुमच्या हाताला काय येतं? देवाचं पाचारण ऐकू आलंय का, असं कधी विचारलं नाही. तो प्रश्न विचारला की माणसं स्वतःच्या बुटांकडे बघायला लागतात. हाताला काय येतं म्हटलं की हात पुढे करून बोलायला लागतात.

पहिलं कार्ड नळ बसवणाऱ्याचं. तो म्हणाला, "मला नका धरू. मला मोठ्यानं प्रार्थनासुद्धा करता येत नाही."

माझ्यामागून माझा मित्र लंबक म्हणाला, "नळ बसवता येतो ना?"

"तो डोळे मिटून बसवीन."

"झालं तर. डोळे मिटलेस म्हणजे अर्धी प्रार्थना झाली. उरलेली अर्धी पाणी आलं की लोक करतील."

नळवाला सहा आठवडे एका मिशन रुग्णालयात पाइप बदलायला गेला आणि परत आल्यावर दुसऱ्या वर्षी आपण होऊन गेला. त्याच्यानंतर बसचालक गेला, दोन परिचारिका गेल्या, हिशेबनीस गेला. शिवणमावशी एका वसतिगृहात तीन महिने पडदे शिवायला म्हणून गेली आणि तिथल्या अठरा मुलींना मशीन शिकवून आली. ज्यांना अंथरुणातून उठवत नव्हतं त्यांची कार्डंही मी केली. त्यांनी बाहेर असलेल्यांना पत्रं लिहायची. बावीस वर्षांत एकोणीस जण गेले. हे माझं कर्तृत्व आहे असं मला वाटत नाही. पुष्कळदा वाटतं की कुणी धीट माणूस चिटणीस असता तर पन्नास गेले असते.

हा लंबक माझा जुना मित्र. घड्याळं दुरुस्त करतो. उंच आहे आणि उभा राहिला की किंचित डुलतो, म्हणून तरुणपणी मी त्याला लंबक म्हणायला लागलो. मग मंडळीत सगळेच म्हणायला लागले. तो मला काना-मात्रा म्हणतो. ते मात्र त्याच्याशिवाय कुणी म्हणत नाही. एकेचाळीस वर्षं दर शनिवारी चार वाजता मी त्याच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसत आलो. तो डोळ्याला भिंग लावून काम करतो, मी वाचलेलं सांगतो. घरी, बैठकीत, कुठेही मला सलग पाच वाक्यं बोलता येत नाहीत. त्या स्टुलावर येत.

मंडळाच्या कामात त्याचा एक वाटा होता, तो इथेच सांगायला हवा. जो उमेदवार नाकारला जाई, त्याला ते कळवणं माझं काम. कळवल्यावर कचेरीला एक तक्ता भरून पाठवायचा. त्यात शेवटचा रकाना असतो: 'सोबती. निराशेच्या काळात उमेदवाराजवळ राहील असा मंडळीतला एक विश्वासू माणूस.' आजवर आमचे अकरा जण नाकारले गेले. त्यांतल्या नऊ जणांच्या तक्त्यात मी लंबकाचं नाव लिहिलं. तो त्या माणसाला दुकानात बोलवायचा, स्टुलावर बसवायचा आणि गल्ल्याखालचं एक जुनं टेबलघड्याळ त्याच्या हातात देऊन म्हणायचा, "जरा चावी दे याला, माझे हात गुंतलेत." माणूस चावी देत बसायचा आणि हळूहळू बोलायला लागायचा. यापेक्षा चांगलं सांत्वन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

चार महिन्यांपूर्वी कचेरीचं परिपत्रक आलं. लांबच्या एका किनाऱ्यावर मिशनचा छोटा छापखाना आहे. तिथल्या लोकांची भाषा काही हजार माणसांची. तिच्यातलं पहिलंच पुस्तक, शुभवर्तमान, छापायला घेतलं होतं आणि मुद्रितं तपासणाऱ्या बाईंची नजर गेली. दोन वर्षांसाठी माणूस हवा. भाषा तिथे शिकवू. वयाची अट नाही. 'घाईत नसलेला माणूस असावा,' असं शेवटचं वाक्य होतं.

मी खोक्यातली त्रेचाळीस कार्डं दोनदा चाळली. मुद्रितं तपासणारा कुणी नव्हता. माझं कार्ड मी कधी केलंच नव्हतं.

तीन आठवडे मी ते परिपत्रक पुस्तकातल्या खुणेसारखं वापरलं. मग एका शनिवारी लंबकापुढे ठेवलं. त्यानं ते भिंगातून वाचलं, जणू घड्याळातला पेच पाहतोय.

"हे तर तुझं माप घेऊन शिवलंय," तो म्हणाला.

"तुला वाटतं तसं?"

"वाटायचं काय त्यात? लोकांची कार्डं लिहून लिहून म्हातारा झालास. एक स्वतःचं लिही."

"मला जमेल?"

"काना-मात्रा, हा प्रश्न तू मला चहा घेऊ की नको यावरसुद्धा विचारतोस. जा म्हणतो ना मी! अभिप्राय मी लिहीन. असा झक्कास लिहीन की कचेरी स्वतः न्यायला येईल."

घरी लेकीला सांगितलं. ती माझ्याबरोबरच राहते. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पाव आणायला निघालात तरी कोपऱ्यावरून परत येता, गॅस बंद केला का ते बघायला."

"हो."

"तिथे बोटीनं जायचं. बोट कोपऱ्यावरून वळवता येत नाही."

"म्हणून तर," मी म्हणालो. म्हणून तर म्हणजे काय, ते मला नीट सांगता आलं नसतं. तिला कळलं बहुतेक. ती म्हणाली, "मग जा. गॅस मी बघते."

मी कार्ड लिहिलं. 'हाताला काय येतं' यापुढे लिहिलं: चुका शोधणे.

उमेदवाराबद्दल तिघांनी गोपनीय अभिप्राय द्यायचे असतात. छापील आठ प्रश्न असतात. हा विषय आमच्याकडे मी फार कडकपणे शिकवला आहे. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एका जोडप्याला तिघांच्या गोडगोड अभिप्रायांवर पाठवलं. ती दोघं चार महिन्यांत मोडून परत आली आणि पुन्हा चर्चमध्ये दिसली नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगत आलो की खोटी स्तुती करून माणसाला पाठवणं म्हणजे त्याला ढकलणं आहे. मैत्री बाजूला ठेवा, खरं लिहा. कचेरीलाही मीच सुचवलं होतं की तिसऱ्या प्रश्नाखाली 'उदाहरण द्या' असे शब्द घाला, म्हणजे लोक नुसतं हो-नाही लिहून मोकळे होणार नाहीत. त्यांनी घातले.

पाळकसाहेबांनी अभिप्राय दिला, शिवणमावशीनं दिला. लंबकानं बंद पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "आत काय लिहिलंय विचारू नकोस. लाजशील." मी खरंच लाजलो. तिन्ही पाकिटं शर्टाच्या खिशात घालून मी पोस्टात गेलो. छाती भरल्यासारखी वाटत होती. पाकिटांमुळेही असेल.

आणि आता हे जाड पाकीट.

वर कचेरीचं पत्र होतं. मध्यवर्ती मंडळानं प्रार्थनापूर्वक विचार करून सदर उमेदवारास न पाठवण्याचं ठरवलं आहे. 'चिटणिसांनी ही गोष्ट उमेदवारास प्रेमाने व योग्य शब्दांत कळवावी आणि सोबतचा तक्ता पंधरा दिवसांत भरून पाठवावा.' चिटणीस आणि उमेदवार एकच आहेत हे तिथल्या कारकुनाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यानं शिरस्त्याप्रमाणे अभिप्रायही जोडले होते. अभिप्राय चिटणिसाकडे परत येतात, कारण काय सांगायचं आणि काय गाळायचं ते त्यालाच ठरवायचं असतं. ते परत येतात हे मी बावीस वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही. लंबकालाही नाही. माझ्यावर विश्वास टाकलेला होता.

ते न वाचता परत पाठवणं हे बरोबर झालं असतं. मला ते त्याच वेळी कळलं होतं. तरी मी चष्मा लावला.

पाळकसाहेबांनी चार ओळी लिहिल्या होत्या, ज्या कुणाबद्दलही लिहिता आल्या असत्या. शिवणमावशीनं लिहिलं होतं, 'खातो कमी, बोलतो कमी, चूक सोडत नाही. खुशाल न्या. डोळ्यांत घालायचे थेंब विसरतो, त्याची आठवण करणारं कुणी तिथे असावं.'

तिसरं अक्षर बारीक, उभं, घड्याळाच्या तबकडीवरच्या आकड्यांसारखं. ते मी अंधारातही ओळखलं असतं.

'हाती घेतलेले काम पूर्ण करतो का?' याच्यापुढे होतं, 'बहुधा नाही.' मी ते वाचून मान हलवली. माझ्या टेबलाच्या खणात अर्धी सोडलेली तीन हस्तलिखितं आहेत.

मग तिसरा प्रश्न. 'अडचणीच्या प्रसंगी उमेदवार जागेवर टिकून राहतो का? उदाहरण द्या.'

'नाही. उमेदवाराची पत्नी रुग्णालयात अखेरच्या दिवशी त्याला हाका मारत असताना तो बाहेर बाकावर पुस्तक वाचत बसला होता. आत गेला नाही. हे त्याने स्वतः मला सांगितलेले आहे. अशा माणसाला परक्या ठिकाणी पाठवणे हा तिथल्या लोकांवर अन्याय होईल.'

शेवटचा प्रश्न: 'उमेदवाराला तोंडावर सांगता येणार नाही असे काही?'

'वरीलच.'

मी कागद पालथा ठेवला. पुन्हा उलटला. वाचताना मला सगळ्यात आधी जे जाणवलं ते लिहायला लाज वाटते. मला वाटलं, एक शब्द चुकला आहे.

त्या दिवशी मी सकाळपासून तिच्याजवळ होतो. दुपारी डॉक्टर म्हणाले, आता थोडाच वेळ. मी पाणी आणतो म्हणून बाहेर आलो आणि दाराबाहेरच्या बाकावर बसलो. हातात पुस्तक होतं, कारण माझ्या हातात नेहमीच असतं. ते उघडलं. आतून तिचा आवाज येत होता. ती माझं नाव घेत होती, घाबरून नव्हे, स्वयंपाकघरातून घ्यायची तसं. मला उठता आलं नाही. किती वेळ, ते मला माहीत नाही. आवाज थांबल्यावर नर्स बाहेर आली. पुस्तकाचं तेच पान उघडं होतं. मी एक ओळसुद्धा वाचली नव्हती.

हे मी लेकीला सांगितलेलं नाही. पाळकसाहेबांना नाही. देवालासुद्धा शब्दांत सांगितलं नाही, त्याला ठाऊकच असणार म्हणून. फक्त एकदा, वर्षभरानं, त्या स्टुलावर बसून सांगितलं. लंबकानं डोळ्यावरचं भिंग काढलं होतं. तो म्हणाला होता, "वाचत नव्हतास ना? मग तू तिथेच होतास." ते वाक्य धरून मी नऊ वर्षं झोपलो आहे.

शुक्रवार कसा गेला ते आठवत नाही. शनिवारी जावं की न जावं याचा विचार करता करता मी दुकानापर्यंत पोचलो.

आत एक बाई भिंतीवरचं घड्याळ गल्ल्यावर ठेवून भांडत होती. "रोज दहा मिनिटं पुढे जातं. दुरुस्त केलंय की पळवायला शिकवलंय?"

"बाई, तुम्ही वेळेवर पोचता ना कामाला?"

"त्याच्यामुळे दहा मिनिटं आधी पोचते!"

"मग तक्रार तुमच्या साहेबांनी करायला हवी," लंबक म्हणाला. बाई हसायला लागली आणि घड्याळ ठेवून गेली.

"आलास? चार मिनिटं उशीर," तो मला म्हणाला. "तुझं घड्याळ बिघडलं असेल, नाहीतर तू."

मी स्टुलावर बसलो. "कचेरीचं पाकीट आलं."

"काय म्हणतात?"

"जाड होतं."

त्यानं चिमटा खाली ठेवला. "अरेरे," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखरच उतरला. "वाईट झालं रे. त्यांना माणसाची पारख नाही. कागदावर माणूस कळतो होय? जाऊ दे. आपलं इथे काय वाईट चाललंय?" बोलता बोलता तो वाकला आणि गल्ल्याखालचं टेबलघड्याळ त्यानं वर काढलं. "जरा चावी दे याला, माझे हात..."

"ते नको," मी म्हणालो.

तो थांबला.

"नाकारलेल्याचे अभिप्राय परत येतात. चिटणिसाकडे. तुला माहीत नव्हतं."

तो उभा होता, पण डुलत नव्हता. मग त्यानं घड्याळ फार जपून खाली ठेवलं. म्हणाला, "वाचलास?"

"वाचायला नको होतं."

"तूच सांगत आलास की! मैत्री बाजूला ठेवा. खरं लिहा. खोटी स्तुती करून पाठवलेली माणसं मोडतात. उदाहरण द्या, हे पण तुझंच." त्याचा आवाज चढला होता. "मग मी काय करायचं? तुझ्यापुरतं खोटं लिहायचं?"

"वाचत बसला होता, असं लिहिलंस."

"म्हणजे?"

"मी वाचत नव्हतो. तुला माहीत होतं."

"अरे, वाचत होतास की नुसतं धरून बसला होतास, कचेरीला काय फरक पडतो?"

"मला पडतो," मी म्हणालो. माझ्या आवाजाला कंप होता. तो लपवायचा मी प्रयत्न केला नाही, कारण जमला नसता. "आणि खरंच लिहायचं होतं तर मला जा का म्हणालास? याच जागी बसून म्हणालास."

तो चिमटा उचलून पुन्हा ठेवायला लागला. उचल, ठेव. मग म्हणाला, "तू जाशील असं कुठे वाटलं होतं? तू कशालाच जात नाहीस. मला वाटलं, कार्ड लिहिशील, आठ दिवस जवळ ठेवशील आणि फाडशील. मी जा म्हटलं म्हणून तेवढंच तुला बरं वाटेल. तर तू सगळं भरून माझ्यापुढे अभिप्रायाचा कागद ठेवलास."

"मग?"

"मग काय मग? दोन वर्षं. आपल्या वयाला दोन वर्षं म्हणजे किती, हे घड्याळवाल्याला विचारतोस?" त्यानं माझ्याकडे न बघता स्टुलाकडे बोट केलं. "तिथे कोण बसणार होतं?"

रस्त्यावरून कुणी तरी सायकल ढकलत गेलं. दुकानातली सगळी घड्याळं आपापली टिकटिक करत होती.

"राहा म्हणाला असतास," मी म्हणालो, "तर मी राहिलो असतो."

हे मी रागानं म्हणालो नाही. ते खरंच आहे. मला कुणी राहा म्हटलं की मी राहतो. कदाचित मनातून सुटकासुद्धा वाटली असती.

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून तर म्हणवेना. जन्मभर मला वाटत राहिलं असतं की मी अडवलं."

"मग तू तिचं मरण पुढे केलंस."

मी उठलो. उठताना स्टूल पडलं आणि सवयीनं मी ते सरळ करून ठेवलं, ते मला नंतर फार लागलं.

रविवारी उपासनेनंतर मंडळाची बैठक होती. मागच्या खोलीत आम्ही पाच जण, टेबलावर माझा बुटांचा खोका. लंबक समोरच्या खुर्चीत येऊन बसला. तो येणार नाही असं मला वाटलं होतं. तो हातातल्या टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला.

शिवणमावशीनं विषय काढलाच. "काय हो चिटणीस, बोट कधी? मी तुमच्यासाठी दोन जाड सदरे बेतलेत."

"नकार आला, मावशी."

"नकार?" तिनं हातातलं विणकाम खाली टाकलं. "तुम्हाला? अहो, मी तर असं लिहिलंय... कुणी काय लिहिलं मेल्यानं?"

"गोपनीय असतं ते."

"गोपनीय असेना का! असं लिहिणाऱ्याच्या हाताला..." तिनं पाळकसाहेबांकडे पाहिलं आणि वाक्य गिळलं. पाळकसाहेब छताकडे बघून म्हणाले की प्रभूची योजना वेगळी असेल. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं असावं की आपल्या चार ओळी कमी पडल्या.

मी एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. लंबकाची टोपी फिरायची थांबली होती. तो वाट बघत होता. मला वाटतं, मी सांगून टाकावं अशीच त्याची इच्छा असावी. मग आमचं बरोबरीत आलं असतं. पण उमेदवाराला कुणी काय लिहिलं ते सांगायचं नाही, हा नियम मी बावीस वर्षं पाळला आहे, आणि या उमेदवाराला ते आधीच कळून चुकलं होतं. इतरांना सांगायचा मला अधिकार नव्हता. किंवा धैर्य नव्हतं. या दोहोंतला फरक मला आयुष्यभर कळलेला नाही.

"असू दे," शिवणमावशी म्हणाली आणि माझा हात थोपटला. "तुमचं एक बरं आहे. बाकीच्यांना सोबती शोधून द्यावा लागतो. तुमचा आयताच आहे." आणि ती हसून लंबकाकडे वळली. "काय दादा, काढा तुमचं ते चावीचं घड्याळ."

लंबकानं वर पाहिलं. मी खोक्याचं झाकण लावलं आणि पुढचा विषय घेतला. बसचालकाची मुलगी बहिऱ्या मुलांच्या शाळेत जायला तयार झाली होती. तिचे अभिप्राय कुणी लिहायचे ते ठरवायचं होतं. मी म्हणालो, खरं लिहा. नेहमी म्हणतो तसंच म्हणालो. आवाज माझाच होता.

घरी आल्यावर तक्ता भरायला बसलो. उमेदवाराचं नाव. नकार कळवल्याची तारीख. 'कोणत्या शब्दांत कळवले?' इथे मी सहसा चार-सहा ओळी लिहितो. या वेळी लिहिलं, 'उमेदवाराने स्वतः वाचले.' 'उमेदवाराने कसे स्वीकारले?' 'शांतपणे.' 'उमेदवारास येथेच कोणते काम देता येईल?' 'चिटणिसाचे.' मग शेवटचा रकाना आला. सोबती.

लेक चहा घेऊन आली. खांद्यावरून बघत म्हणाली, "एवढंच राहिलंय? लंबककाकांचं नाव घाला की. काल किती लवकर परत आलात तुम्ही. भांडलात का?"

"नाही."

"भांडलाच असाल. तुम्हाला भांडता येत नाही म्हणून लवकर परत आलात." ती कप ठेवून गेली.

मी दुसरी नावं आठवली. शिवणमावशी आनंदानं हो म्हणाली असती. नळवाला रोज येऊन बसला असता. पण त्यांच्यासमोर मी काय बोललो असतो? जे बोलायचं होतं ते एकाच माणसाशी बोलता येण्यासारखं होतं, आणि ते त्याच्याबद्दलच होतं. मी रकाना कोरा ठेवला, पाकीट बंद केलं आणि सोमवारी पोस्टात टाकलं. या वेळी कोपऱ्यावरून परत आलो नाही.

त्याला आता तीन आठवडे झाले. किनाऱ्यावरच्या छापखान्याला दुसऱ्या मंडळीतल्या एक निवृत्त शिक्षिका मिळाल्या, असं कचेरीनं कळवलं आहे. बोटीत त्यांना बरं वाटो. त्याच टपालातून माझा तक्ता परत आला. शेवटच्या रकान्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल केला आहे आणि शेजारी लिहिलं आहे, 'अपूर्ण. भरून पाठवावे.' बावीस वर्षांत माझा एकही कागद अपूर्ण म्हणून परत आलेला नव्हता. कुणी तरी म्हणेल, लंबकानं लिहिलं होतं तेच झालं. हा माणूस हाती घेतलेलं पूर्ण करत नाही. मीही ते स्वतःला दोनतीनदा म्हणून पाहिलं आहे.

तक्ता समोर आहे. पेनात शाई आहे. आज शनिवार. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवरचं घड्याळ त्यानंच बसवून दिलेलं आहे, आणि ते कधी एक मिनिटही चुकत नाही. आत्ता त्यात चार वाजले. मी अजून बूट घातलेले नाहीत.